साचा तयार आहे, पण किल्ली कोणाकडे?

बारावीचे निकाल लागले की आमच्या शाळेत जुन्या विद्यार्थ्यांची ये-जा वाढते. पूर्वी प्रश्न ठरलेला असायचा, "टीचर, डीएड करू की आयटीआय?" आता त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे, "वेबसाइट बनवायला कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" विचारणाऱ्यांत मुली जास्त असतात आणि त्याचं कारण उघड आहे. लॅपटॉप घरात असतो, काम घरात होतं, गिऱ्हाइकाशी बोलणं फोनवर होतं. लग्न होऊन इचलकरंजीला गेलं काय किंवा मिरजेला गेलं काय, काम बरोबर नेता येतं. मामूंचं दुकान, ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना, गल्लीतला क्लास, अशी पहिली दोन-तीन कामं नात्यागोत्यातूनच मिळतात.

पहिला प्रश्न झाला की यातल्या प्रामाणिक मुली थोड्या दबक्या आवाजात दुसराही विचारतात. "टीचर, तयार टेम्प्लेट घेऊन त्यात नाव-फोटो बदलायचे आणि गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे, ही फसवणूक तर नाही ना?"

आज या दोन्ही प्रश्नांबद्दल लिहिते. आधी दुसरा घेऊ, म्हणजे पहिला आपोआप सोपा होईल.

उद्यमनगरातला पॅटर्न

कोल्हापूरकरांना याचं उत्तर शिवाजी उद्यमनगरात मिळेल. फाउंड्रीत पंपाचा किंवा इंजिनाचा एखादा भाग ओतायचा असला की आधी त्याचा लाकडी किंवा धातूचा पॅटर्न करतात. तो वाळूत दाबून ठसा उठवतात, पॅटर्न अलगद काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. एका पॅटर्नवर शेकडो नग निघतात. याला कोणी फसवणूक म्हणत नाही. मात्र ओतलेला नग तसाच गिऱ्हाइकाच्या हाती देत नाहीत. वाळू झाडावी लागते, कडा घासाव्या लागतात, मशीनवर चढवून मापात आणावा लागतो. पैसे त्या मापाचे मिळतात.

वेबसाइटचं टेम्प्लेट हा असाच पॅटर्न आहे. नाव कुठं बसेल, मेनू कसा उघडेल, फोटो किती रुंद असतील, मोबाइलवर तेच पान कसं आवरून बसेल, हे सगळं कोणीतरी आधी विचार करून बांधून ठेवलेलं असतं. अनुभवी माणसांनी केलेली मांडणी वापरली तर गिऱ्हाइकाचा वेळ आणि पैसा वाचतो. यात लपवण्यासारखं काही नाही. "मांडणी तयार घेतली आहे, ती तुमच्या कामाला बसेल अशी करून देते," असं सरळ सांगावं. "सगळं कोऱ्या पानावरून केलं" असं सांगून जादा पैसे घेतले, तर ती मात्र फसवणूक झाली.

फाउंड्रीतली आणखी एक रीत इथं सांगून ठेवते. पॅटर्नचा खर्च गिऱ्हाइकानं दिला असेल तर तो फाउंड्रीत ठेवलेला असला तरी सर्वसाधारणपणे मालकी गिऱ्हाइकाची मानतात. उद्या काम दुसरीकडे न्यायचं झालं तर तो आपला पॅटर्न उचलून नेतो. ही रीत पुढं आपल्याला लागणार आहे.

भाड्याची खोली आणि स्वतःचा गाळा

आता सॉफ्टवेअर. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं ते तंत्र सगळ्यांना विनामूल्य खुलं केलं. सुरुवातीला प्रत्येक पान एचटीएमएलच्या खुणा हातानं टाइप करून तयार व्हायचं. मग फ्रंटपेज आणि ड्रीमविव्हरसारखी सॉफ्टवेअर आली. आमच्या पिढीतल्या काहींनी संगणक क्लासमध्ये तीच शिकली. फ्रंटपेज पुढं मायक्रोसॉफ्टनं बंद केलं. ज्यांनी फक्त फ्रंटपेजची बटणं पाठ केली त्यांचं शिक्षण तिथंच थांबलं. ज्यांनी त्यामागचं एचटीएमएल समजून घेतलं त्यांचं काम चालू राहिलं. म्हणून सॉफ्टवेअर कोणतंही धरा, एचटीएमएल आणि सीएसएस यांची तोंडओळख आधी करून घ्या. व्याकरण येत असलं की पाठ्यपुस्तक बदललं तरी अडत नाही.

२००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेस आणलं. त्यात मजकूर एका ठिकाणी राहतो आणि मांडणी, म्हणजे थीम, दुसऱ्या ठिकाणी. थीम बदलली तरी लिहिलेला मजकूर जागेवर राहतो. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. दुसरीकडे विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय यांच्यासारख्या सेवा आहेत. तिथं सॉफ्टवेअर, जागा आणि टेम्प्लेट सगळं एकाच मालकाकडून वर्गणीवर मिळतं. माउसनं उचलायचं, हवं तिथं ठेवायचं.

वर्डप्रेस म्हणजे स्वतःचा गाळा. सॉफ्टवेअर फुकट आहे, पण होस्टिंगची जागा तुम्ही घ्यायची, कुलूप तुम्ही लावायचं, झाडलोटही तुम्हीच करायची. वेळच्या वेळी अपडेट केलं नाही तर जुन्या प्लगइनच्या फटीतून चोर आत शिरतात. मात्र जागा पटली नाही तर सगळा बाडबिस्तरा उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येतो. विक्ससारखी सेवा म्हणजे भाड्याची सजवलेली खोली. झाडलोट मालक करतो, तुम्ही फक्त राहायचं. पण खोली सोडताना भिंती बरोबर नेता येत नाहीत. दुसरीकडे जायचं तर पानं नव्यानं बांधावी लागतात.

एक घोटाळा इथं नवख्यांचा होतो. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर सॉफ्टवेअर मिळतं, ते आपल्या होस्टिंगवर बसवायचं. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार जागा देणारी सेवा आहे. नाव एक, व्यवहार दोन.

खोलीचा मालक खोलीच बंद करू शकतो, हेही ध्यानात घ्या. जिओसिटीज नावाच्या सेवेवर एके काळी जगभरातल्या लोकांनी लाखो पानं बांधली होती. १९९९ मध्ये याहूनं ती विकत घेतली आणि २००९ मध्ये बंद केली. अगदी अलीकडचं उदाहरण गूगलचं. नकाशावरच्या बिझनेस प्रोफाइलमधून छोट्या दुकानदारांना फुकटात एक पानी वेबसाइट करता येत असे. मार्च २०२४ मध्ये गूगलनं त्या सगळ्या बंद केल्या. ज्यांनी तो पत्ता पावतीपुस्तकावर आणि पिशव्यांवर छापून घेतला होता, त्यांची छपाई वाया गेली. म्हणून सेवा कोणतीही घ्या, पत्ता म्हणजे डोमेन मात्र स्वतंत्र विकत घ्या. डोमेन आपलं असेल तर घर बदललं तरी दारावरची पाटी तीच राहते.

गिऱ्हाइक पाहून साधन

घरगुती डबे पुरवणाऱ्या बाई, एकट्यानं दवाखाना चालवणारे डॉक्टर, शिवणक्लास यांचं काम एका पानाचं असतं. काय मिळतं, कुठं मिळतं, केव्हा मिळतं आणि फोन कोणता. हे वर्षातून दोनदा बदलेल. इथं वर्डप्रेसचा पसारा मांडू नका. गूगल साइट्ससारखं साधं साधन किंवा एखाद्या बिल्डरची छोटी योजना पुरते.

शाळा, वसतिगृह, ट्रस्ट किंवा पतसंस्था असेल तर सूचना सतत बदलतात. प्रवेशाची तारीख, निकाल, सभेची नोटीस. ती घालणारा माणूस बहुधा तिथला क्लार्क असतो. तुम्ही नसताना त्याला ती घालता आली पाहिजे. इथं वर्डप्रेस सोयीचं. काम संपवताना क्लार्कला समोर बसवून त्याच्या हातून एक सूचना टाकून घ्या. त्याला जमलं तर काम झालं.

तिसरं गिऱ्हाइक विक्री करणारं. चपलांचं दुकान, साज-ठुशीचा कारागीर, मसाल्यांचा घरगुती उद्योग. त्यांना "ऑनलाइन दुकान" हवं असतं. त्यासाठी वर्डप्रेसवर वूकॉमर्स आहे, वर्गणीवर शॉपिफाय आहे. पण सॉफ्टवेअर ठरवण्याआधी विचारा, ऑर्डर आली तर पार्सल कोण बांधणार? चप्पल मापाला बसली नाही तर परत कोण घेणार? फोटोतला जोड विकला गेला तर साइटवरून कोण काढणार? उत्तर "बघू" असं आलं तर पैसे घेणारी साइट करू नका. फोटो, मापं, किंमत आणि व्हॉट्सॲपचं बटण एवढं द्या. सहा महिन्यांनी विक्री वाढली तर दुकान जोडता येतं.

मराठी आणि उर्दू बसते का पाहा

टेम्प्लेटचा नमुना पाहताना डोळे फसतात, कारण तो इंग्रजी अक्षरांत आणि महागड्या फोटोंत सजवलेला असतो. उर्दू आणि मराठी शिकवणारी म्हणून मला इथं चार गोष्टी सांगायच्या आहेत.

टेम्प्लेट घेण्याआधी नमुन्यात एक मराठी परिच्छेद घालून पाहा. "र्‍हास, ज्ञानेश्वर, कोल्हापूरची किंमत" असं काहीतरी, ज्यात जोडाक्षरं, वेलांट्या, उकार सगळे येतात. इंग्रजीसाठी ओळींमधलं अंतर कमी ठेवलेलं असलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना जाऊन भिडतात. दुसरं, बऱ्याच टेम्प्लेटमध्ये शीर्षकाची अक्षरं लांब लांब ठेवलेली असतात. इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. सीएसएसमधलं ते अंतर शून्य करा. फॉन्टची अडचण आता राहिलेली नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू, तसंच नोटो सान्स देवनागरी हे सगळे विनामूल्य मिळतात.

संस्थांकडून येणारा मजकूर अनेकदा जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो तसाच चिकटवला तर पानावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग कोणाकडून तरी शांतपणे वाचून घ्या, कारण बदलताना जोडाक्षरं बिघडतात.

उर्दूचा प्रश्न वेगळा. उर्दू उजवीकडून डावीकडं जाते, त्यामुळं फक्त अक्षरं बदलून भागत नाही. मेनू, बाण, फोटोशेजारचा मजकूर, सगळी मांडणी आरशातल्यासारखी फिरावी लागते. वर्डप्रेसच्या थीम शोधताना उजवीकडून डावीकडं लिहिल्या जाणाऱ्या भाषांना आधार देणाऱ्या थीम वेगळ्या गाळता येतात. ती गाळणी आधी लावा. नस्तालीक वळणात शब्द वरून खाली उतरत जातो, म्हणून ओळीला मराठीहूनही जास्त उंची लागते. नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट फुकट आहे. आणि उर्दू परिच्छेदात फोन नंबर, इंग्रजी नाव किंवा कंस आला की तो जागा बदलतो का, हे मोबाइलवर स्वतः पाहा. शाळेच्या पानावर नंबरचा पुढचा भाग मागं गेला तर पालक फोन लावत बसतील.

शेवटची चाचणी साध्या मोबाइलवर, घरातल्या वायफायवर नव्हे. पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या बाजूला सिग्नल अडखळतो तिथं पान उघडतं का? कॅमेऱ्यातून निघालेला फोटो तसाच चढवला की पान जड होतं. आधी लहान करा, मग चढवा.

परवाना वाचा

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे चिडलो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे त्यात येतात. टीका झाल्यावर आपली प्रेरणा भारतीय पारंपरिक हस्तकलेतली असल्याचं कंपनीनं मान्य केलं.

हाताचं काम ज्यानं केलं त्याचा हक्क मानावा, असं आपण तेव्हा म्हणालो. टेम्प्लेट बनवणाराही कारागीरच आहे. वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या संग्रहातल्या थीम जीपीएल या मुक्त परवान्याच्या किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या परवान्यांच्या असतात. त्या कितीही गिऱ्हाइकांसाठी वापरा, बदला, कामाचे पैसे घ्या. थीमफॉरेस्टसारख्या बाजारात विकत मिळणाऱ्या टेम्प्लेटचा नेहमीचा परवाना एका वेबसाइटपुरता असतो. एकदा विकत घेऊन दहा दुकानांना लावता येत नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी दुसरी खरेदी करायची आणि तो खर्च बिलात वेगळा दाखवायचा.

महागडं टेम्प्लेट "फुकटात" देणाऱ्या चोरट्या साइटही भरपूर आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. चोरी तर ती आहेच, शिवाय अशा फायलींत अनेकदा छुपा कोड घातलेला असतो. मग डॉक्टरांच्या साइटवर अचानक जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात आणि नाव तुमचं खराब होतं. फोटोंचंही तेच. शोधून सापडलेला फोटो आपला होत नाही. दुकानात जा, दिवसाच्या उजेडात चपलांचे फोटो स्वतः काढा. नमुन्यातल्या परदेशी हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा आपल्या कारागिराचे हात जास्त विश्वास देतात.

किल्ली

आता पॅटर्नच्या मालकीची ती रीत आठवा. माझ्या ओळखीच्या एका दुकानदारानं एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली होती. काम चांगलं होतं, मुलगाही चांगला होता. पण डोमेन त्यानं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. पुढं तो नोकरीसाठी परदेशी गेला, नंबर बदलला. नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिली आणि मुदत टळली. तो पत्ता दुसऱ्याच कोणीतरी घेतला. पाटीवर, कार्डावर, पिशव्यांवर जे नाव छापलं होतं ते आता भलतीकडंच उघडत होतं. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. तरी वडिलांच्या वेळेपासूनच्या दुकानाचं नाव गेलं.

काम करणाऱ्या प्रत्येक मुलीनं आणि मुलानं इथं कडक राहावं. डोमेन आणि होस्टिंग गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्याच खात्यातून पैसे भरून घ्यावं. त्याला ईमेल नसेल तर आधी तो काढून द्यावा. साइटचा मुख्य ॲडमिन तो असावा, तुम्ही दुसऱ्या क्रमांकाचे. साइटची पूर्ण प्रत पेन ड्राइव्हवर द्यावी. आणि एका कागदावर डोमेन कुठून घेतलं, मुदत कधी संपते, होस्टिंग कोणाचं, टेम्प्लेट कोणतं आणि परवाना कसला, हे मराठीत लिहून सही करून द्यावं. पासवर्ड त्या कागदावर नको. तो गिऱ्हाइकानं स्वतः बदलून स्वतःजवळ ठेवावा.

"असं केलं तर गिऱ्हाइक आपल्याला सोडून जाईल," असं काहींना वाटतं. जाऊ शकेल. पण किल्ली अडकवून ठेवलेलं गिऱ्हाइक रागानं राहतं आणि चार ठिकाणी तुमच्याबद्दल तसंच बोलतं. मोकळं असून जे परत येतं ते आपल्याबरोबर आणखी दोन आणतं. गिऱ्हाइकाचं नाव आपल्याकडं अमानत म्हणून आलेलं असतं, त्यावर आपला हक्क लागत नाही.

मोबदला

मग पैसे कशाचे घ्यायचे? मापाचे. गिऱ्हाइकाशी बसून त्याच्या धंद्याची माहिती काढणं, ती शुद्ध मराठीत किंवा उर्दूत लिहिणं, फोटो काढणं, टेम्प्लेट बसवणं, तपासणं, शिकवणं. प्रत्येकाचे तास वहीत लिहा. डोमेन, होस्टिंग आणि टेम्प्लेट यांचा खर्च वेगळा दाखवा. पुढच्या वर्षी देखभाल करणार असाल तर ती रक्कम आजच सांगा. नात्यातलं काम असलं तरी बिल लिहा. "घरचंच आहे" म्हणून मुलीच्या रात्री-रात्रीच्या मेहनतीला किंमत न देणारे मामू-चाचू कमी नाहीत. सवलत द्यायची तर बिलावर पूर्ण रक्कम लिहून खाली सवलत दाखवा, म्हणजे कामाचं मोल तरी कळेल. आई-वडिलांनाही माझं हेच सांगणं आहे. मुलगी लॅपटॉपपुढं बसली आहे म्हणजे ती रिकामी आहे, असं समजून तिला दर दहा मिनिटांनी हाक मारू नका.

आणि सॉफ्टवेअरचा तो पहिला प्रश्न? एचटीएमएल-सीएसएसची तोंडओळख, वर्डप्रेस नीट, आणि एक साधा बिल्डर, एवढं सुरुवातीला पुष्कळ आहे. पुढच्या गिऱ्हाइकाकडं जाताना मात्र लॅपटॉप घरी ठेवा आणि वही घेऊन जा. तुमच्याकडं कोण येतं? ते काय विचारतात? साइट कोण सांभाळणार? मजकूर कोणत्या भाषेत? पत्ता कोणाच्या नावावर? या पाच प्रश्नांची उत्तरं उतरवून घ्या. ती समोर असली की टेम्प्लेट निवडायला अर्धा तासही पुरतो.